जीभ, घर आणि मंडळी

बायबलच्या शिकवणीचा बराच मोठा भाग रोजच्या वागण्याविषयी आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले पहिले तीन अध्याय देवाने काय केले ते सांगतात, उरलेले तीन माणसाने कसे वागावे ते. खोटे कसे टाकावे, राग किती वेळ धरावा, नवऱ्याने बायकोशी आणि बापाने मुलांशी कसे असावे, हे सगळे त्या दुसऱ्या भागात येते. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय तर जिभेलाच वाहिलेला आहे. तरीही हा भाग प्रवचनाच्या शेवटी, वेळ उरलाच तर, सांगायचा असा रिवाज पडला आहे. तारणाविषयीचे ठाम बोलणे आधी आणि शेजाऱ्याविषयीचे बोलणे नंतर, असा क्रम लागला की दुसरे हळूहळू ऐच्छिक होते. बायबलमध्ये ते ऐच्छिक नाही. वेदीपाशी दान घेऊन आलेल्याला भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करून यायला मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. उपासना थांबेल, समेट थांबणार नाही, असा हा क्रम आहे.

ही शिकवण मराठी संसारात उतरताना काय होते, हे पाहायला नाशिकचा गंगापूर रोड आणि त्याचा शेजार यांच्याइतका जुना आणि नोंदींनी भरलेला मुलूख थोडा. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये नाशिकलगत शरणपूर वसवले. जातीतून आणि घरातून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची ती वस्ती. पुढे अरबी समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथेच ठेवली गेली आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. 1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी इथल्याच काही तरुणांना सोबत घेतले. शरणपूरच्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी आफ्रिकेत होता. त्याने तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला तो हजर होता. शरणपूरच्या उभारणीतले विल्यम प्राइस पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवायला गेले, आणि नाशिकची अनेक आफ्रिकी माणसे तिथे गेली. गुलामाला भाऊ म्हणून परत घे, असे पौलाने फिलेमोनाला लिहिले होते. त्या पत्राचा अर्थ शरणपूरच्या शाळेत एकाच बाकावर बसलेल्या मराठी आणि आफ्रिकी पोरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

याच बाजूला, गंगापूरजवळच्या जलालपूर गावी 1868 मध्ये गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ मराठी वाचकाला आत्मचरित्र म्हणून ठाऊक आहे. पण ख्रिस्ती शिकवण घरात शिरताना काय काय मोडते आणि काय जुळते, याची इतकी सच्ची नोंद मराठीत दुसरी नाही. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक सोसत वाढलेली ही मुलगी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. नवरा कवी, उदार, हातात पैसा न ठरणारा आणि रागीट. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी त्यांच्याजवळ नव्हती. नंतर काही वर्षांची ताटातूट, मग एकत्र राहूनही वेगळी चूल, आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा.

या सगळ्यात प्रवचनाने झालेले काम थोडे. लक्ष्मीबाई बदलल्या त्या वादात हरून नव्हे. जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःशीच विचार करून काढला आणि त्याची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी घेतली. कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न सुटल्यावर बाकीचे प्रश्न सोपे झाले. धर्मांतराची चर्चा तत्त्वांच्या पातळीवर करणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. घराचा उंबरा ओलांडताना शिकवण पंक्तीतून आत येते.

दुसरी गोष्ट टिळकांच्या रागाची. लक्ष्मीबाईंनी तो लपवला नाही. बाप्तिस्म्याआधीचा टिळकांचा राग आणि नंतरचा राग यांत एका रात्रीत फरक पडला, असा दावाही केला नाही. मुलामाणसांनी भरलेल्या, पैशाच्या ओढगस्तीच्या घरात तो हळूहळू निवत गेला. इफिसकरांस लिहिलेल्या त्याच पत्रातल्या एका अध्यायात पौलाचे नवऱ्यांना सांगणे असे की ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती बायकोवर करावी, आणि ती प्रीती म्हणजे स्वतःला देऊन टाकणे. हा अध्याय विवाहाच्या वेळी वाचला जातो तेव्हा बहुतेकांच्या कानांत बायकोने अधीन असावे एवढेच राहते. मुळात नवऱ्यांना उद्देशून असलेला मजकूर बायकांना उद्देशून असलेल्या मजकुराच्या दुपटीहून अधिक आहे, आणि त्याआधीचे वाक्य दोघांनीही एकमेकांच्या अधीन असण्याचे आहे. हा अध्याय अर्धा वाचणे म्हणजे तो चुकीचा वाचणे. ज्या घरात तो नवऱ्याचे हत्यार होतो, तिथे पाळकाने गप्प बसणे हा अपराध आहे.

टिळकांच्या घराचे आणखी एक अंग सांगण्याजोगे आहे. कवी बालकवी ठोंबरे अहमदनगरला त्यांच्याकडे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली, आणि ते हिंदूच राहिले. पाहुणचाराला अट नव्हती. 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. मिशनच्या पगारावर आणि साहेबाच्या मर्जीवर चालणाऱ्या मंडळीत भाऊपणा वाढत नाही, हे त्यांना कळले होते. शरणपूरसारख्या वस्त्यांनी निराधारांना आसरा दिला हे खरे. पण नोकरी देणारा, घर देणारा आणि धर्मोपदेश करणारा एकच असला की खालच्याचे बोलणे मोकळे राहत नाही, हेही तितकेच खरे.

बोलण्याकडे पुन्हा वळायला हवे, कारण घर आणि मंडळी दोन्ही तिथेच बिघडतात. बायबलमध्ये जिभेविषयी जे आहे ते शिष्टाचाराचे नाही. डोंगरावरील प्रवचनात शपथा वाहण्याची मनाई आहे, ती अशासाठी की शपथेविना बोललेला शब्दही तितकाच पक्का असावा. नीतिसूत्रांत सौम्य उत्तराने राग शमतो असे आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बोलणे मिठाने रुचकर केलेले असावे असे आहे. म्हणजे ते गुळचट असावे असे नाही. याकोबाचा आक्षेप सर्वांत कडक: ज्या तोंडाने देवाची स्तुती होते त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप दिले जातात.

मराठी मंडळ्यांत शाप क्वचित ऐकू येतात. तिथले पाप वेगळ्या आवाजात बोलते. रविवारची उपासना संपते, ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात मिळवले जातात, आणि फाटकापाशी एक बाई दुसरीला बाजूला घेऊन सांगते, “ताई, प्रार्थनेत ठेवा हं त्यांना. कुणाला बोलू नका, पण त्यांच्या सुनेचं काही खरं नाही.” संध्याकाळपर्यंत ती सून साऱ्या मंडळीच्या प्रार्थनेत असते, फक्त तिच्याशी कोणी बोललेले नसते. व्हॉट्सॲपच्या गटावर हेच काम दहा मिनिटांत होते. प्रार्थनेच्या विनंतीचे रूप घेतलेली चहाडी ही उघड शिवीपेक्षा घातक, कारण तिला अडवणारा अधार्मिक ठरतो. महिला मंडळात किंवा घरगुती उपासनेत एवढाच दंडक पुरे: जी व्यक्ती हजर नाही तिच्या परवानगीवाचून तिच्या घरची गोष्ट प्रार्थनेसाठीही मांडायची नाही.

दुसरे वाक्य स्थळ पाहताना ऐकू येते. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, मंडळीत येणारा, मग आवाज खाली करून विचारले जाते, “मूळचे कोण ते?” पिढ्यांपूर्वी सोडलेली जात या तीन शब्दांतून परत येते. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची खुर्ची आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी जागा देणाऱ्या सभेला याकोबाने दोषी धरले. गलतीकरांस लिहिताना पौलाने दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असे ठरवून टाकले. लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या भांड्यापाशी जे निकालात काढले ते नातवंडांच्या लग्नात पुन्हा उघडले जात असेल, तर मंडळीने त्यावर व्यासपीठावरून नाव घेऊन बोलले पाहिजे.

घराची खरी कसोटी आता जमिनीवर लागते. गंगापूर रोडवर जुन्या बंगल्यांच्या आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला, आणि त्याबरोबर भावंडांच्या बैठका सुरू झाल्या. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना तो मिळवायला मेरी रॉय यांच्या खटल्याचा 1986 चा निकाल लागला. महाराष्ट्रात ती अडचण नव्हती. इथे अडचण हक्कसोडपत्राची आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला चहाच्या कपाबरोबर कागद पुढे केला जातो आणि सही करणे म्हणजे प्रेम, न करणे म्हणजे लोभ, असे तिला जाणवू दिले जाते. गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा खुद्द देवाचा आहे. हा उतारा मराठी मंडळ्यांत क्वचितच प्रवचनाला घेतला जातो. घ्यायला हवा, आणि तोही वाटणीची बोलणी सुरू होण्याआधी.

तंटा झालाच तर काय करायचे, याची रीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्यांनी दिली आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलायचे. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार न्यायचे. तरी नाही तर मंडळीपुढे मांडायचे. मंडळ्यांत आज हा क्रम उलटा चालतो: आधी सगळ्यांना कळते, मग दोन गट पडतात, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला शेवटी नोटीस मिळते. ट्रस्टच्या मालमत्तेचे वाद धर्मादाय आयुक्तांकडे आणि न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतात. भावाने भावाविरुद्ध अविश्वासणाऱ्यांपुढे दावा लावण्यापेक्षा नुकसान सोसावे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे पैशाचे तंटे होते. अत्याचार, मारहाण, मुलांचा छळ यांना हा उतारा लावून कोणाला पोलिसांकडे जाण्यापासून रोखणे ही त्या शिकवणीची विटंबना आहे. तिथे कायदाच पहिली पायरी.

मत्तयातल्या त्या रीतीची शेवटची पायरी सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत कमी समजली जाते. मंडळीचेही न ऐकणाऱ्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार याच्यासारखा समजा, असे तिथे आहे. त्याचा अर्थ वाळीत टाकणे असा करून अनेकांनी माणसांशी बोलणे, लग्नाला जाणे, मयतीला जाणे बंद केले आहे. महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला, तेव्हा ही वाट कायद्यानेही बंद आहे. पण बायबलच्या आतूनच ती आधी बंद होती. हे शुभवर्तमान ज्याच्या नावाने ओळखले जाते तो मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जकातदारांच्या पंक्तीला बसल्यावरून गवगवा झाला होता. तेव्हा मंडळीचा अधिकार एवढाच: पश्चात्ताप न करणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवणे आणि पंचाच्या जागेवर न बसवणे. त्याच्या घरचे ताट त्या अधिकाराबाहेर आहे, आणि तिथे जेवायला जाण्याचे काम पाळकाकडे उरते.