भेग नेमकी कुठे पडली?

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलं आणि आबांची नात पुण्याची खोली सोडून कोयनानगरला आली. आल्या दिवशीच तिनं सगळी पुस्तकं पोत्यात भरून पडवीत ठेवली आणि आईला म्हणाली, "रद्दीवाला आला की देऊन टाक. मला काहीच जमत नाही."

आबा पडवीतच बसले होते. तरुणपणी त्यांनी तिथल्याच धरणावर गवंडीकाम केलेलं. ते म्हणाले, "गुणपत्रिका आण बघू."

"काय बघायचंय त्यात, आबा? नापास ते नापास."

"आण तर खरं."

चष्मा लावून त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग तिला घेऊन ते धरण दिसतं तिथवर चालत गेले.

"11 डिसेंबर 1967. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. जमीन अशी हलली की कोयनानगरात धड घर उरलं नाही. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ती काही परत आली नाहीत, त्या दुःखाला औषध नाही. दख्खनचा हा कातळ पक्का, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, असं तोवर मानत होते. ते चुकलं. आणि या 103 मीटर उंच धरणाला भेगा गेल्या."

"मग?"

"मग इंजिनिअर लोकांनी आधी काय केलं असेल? भेग नेमकी कुठे पडली ते पाहिलं. पाया शाबूत होता. भेगा होत्या त्या वरच्या अंगाला, पायापासून साधारण 66 मीटरवर. पाण्याच्या पलीकडच्या बाजूचा उतार तिथं एकदम बदलतो, म्हणून धक्क्याचा सगळा ताण तिथंच गोळा झाला. मग भेगांत इपॉक्सी भरलं, पोलादी तारा ओढून भिंत आवळली आणि नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. देशाचा भूकंपाचा नकाशासुद्धा 1970 साली बदलला. इथल्या चुकीतून सगळा देश शिकला."

नात गप्प होती. आबांनी गुणपत्रिका पुढं केली. "आता तू सांग, तुझी भेग कुठं?"

तिनं पहिल्यांदाच तो कागद नीट वाचला. सामान्य अध्ययनाच्या पेपरांत गुण चांगले होते. निबंधात मात्र ती फार मागे पडली होती. वाचन भरपूर, पण वेळ लावून लिहिण्याचा सराव तिनं दोन्ही वेळा टाळला होता.

"निबंधात," ती म्हणाली.

"मग काहीच जमत नाही, हे खोटं. लिहायला जमत नाही, हे खरं. खऱ्यावर इलाज असतो, पोरी. आणि टेकू द्यायला कमीपणा मानू नको."

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं सोडलं. रोज सकाळी घड्याळ लावून एक निबंध लिहायचा आणि तो शाळेतल्या आपल्या जुन्या मराठीच्या बाईंकडून तपासून घ्यायचा, असं ठरवलं. पोटापाण्यासाठी गावातच शिकवण्याही धरल्या. परीक्षा पुन्हा द्यायची होतीच. पण या खेपेला निकाल काहीही लागो, "मला काहीच जमत नाही" हे वाक्य तिनं कायमचं सोडलं.

तात्पर्य : अपयश आलं की माणूस स्वतःला सगळाच मोडीत काढतो. मोडलेलं असतं थोडं, शाबूत असतं पुष्कळ. भेग नेमकी कुठे आहे ते धीरानं शोधावं आणि तिथंच बळ द्यावं.