स्वभावाची चौकट

विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली सामान्य माणसांच्या भावनिक वर्तनाचे चार प्रकार मांडले. त्यावरून नोकरदारांची पारख करणाऱ्या चाचण्या मात्र पुढे इतरांनी रचल्या. आम्ही कचेरीत चाचणीवाचूनच तेच करीत आलो. एका लिपिकास 'मुखदुर्बळ' ठरवून आम्ही त्यास बैठकांपासून दूर ठेवले. जे सांगायचे ते टिपणीने कळवीत असू. त्यात सौजन्य होते, हे आजही वाटते. परंतु निरोपसमारंभात तो अर्धा तास अस्खलित बोलला! माणसाचा कल ओळखून आपली भाषा बदलणे निराळे, आणि त्याची वाट आपणच आखणे निराळे. त्याच्या गोपनीय अहवालातला तो एक शब्द आमच्याच हस्ताक्षरातला होता.