दुसरा घाव

खुनाच्या खटल्यात आरोपीला सुचवले जाणारे बहुतेक बचाव 'नाही'नं सुरू होतात. मी तिथं नव्हतो, हत्यार माझं नव्हतं, साक्षीदार जुन्या वैरातून बोलतोय. एकच बचाव असा आहे की जो 'हो'नं सुरू होतो. हो, माझ्या हातून झालं, पण का झालं ते ऐकून घ्या. कन्नड तालुक्याच्या कोर्टात इतकी वर्षं काळा कोट घालून मी हेच पाहत आलो, की पक्षकाराला हा 'हो' म्हणायला लावणं फार अवघड असतं. सगळं गाव त्याला सांगत असतं, खोटी केस आहे म्हण. कायद्यातही तशी सोय आहे. १९६७ सालच्या मुन्शीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आरोपीनं स्वसंरक्षण तोंडानं मांडलं नाही, पण पुराव्यातून ते दिसत असेल, तरी त्याला त्याचा लाभ द्यावा. म्हणून बरेच वकील एकीकडे सगळं नाकारतात आणि दुसरीकडे स्वसंरक्षणाचा मुद्दा हाताशी ठेवतात. मला ते कधी पटलं नाही. ज्याचा जीव गेला त्याच्याविषयी निदान एवढं तरी खरं बोलावं, की तो कुणाच्या हातून गेला.

ज्याच्यामुळे हा विषय माझ्या मनात इतका खोल गेला, त्याचं नाव-गाव सांगत नाही. घाटाकडच्या एका वाडीतला शेतकरी, मका आणि अद्रक करणारा. रात्रीची लाईट होती, तो दारं धरत होता, हातात फावडं. बांधावरून आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून चुलतभावाशी जुना वाद. तो चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन आला. पहिला वार यानं डाव्या हातावर झेलला, नळीचं हाड मोडलं. मग याचं फावडं चाललं, दोनदा. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यात. बॅटरी चिखलात पडलेली, आजूबाजूला कुणी नाही.

पोलीस कोठडीत मी त्याला पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यानं जामिनाचं विचारलं नाही. विचारलं, "साहेब, त्याचा दहावा कोणत्या वारी येतो?" मेलेला भाऊबंद होता. ज्याला मारलं त्याचंच सुतक याच्या घरात होतं, आणि ते पाळायचं कसं, हा प्रश्न त्याला पडला होता. बाहेर कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बघा, मन खातंय, गुन्हेगार आहे. मला मात्र तेव्हाच वाटलं, की हा माणूस 'हो' म्हणेल. तो म्हणालाच. "मह्या हातून झालं," एवढ्या तीन शब्दांवर आम्ही अख्खा खटला उभा केला.

तेव्हा भारतीय दंड संहिता होती, कलमं ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तीच कलमं आता ३४ ते ४४ आहेत. आकडे बदलले, गाभा तोच. स्वसंरक्षणात केलेली गोष्ट गुन्हाच नव्हे. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी चालतं. मात्र ती भीती असेपर्यंतच हा हक्क जिवंत असतो, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो सरकार पक्षाएवढा जड नाही. घटना अशी घडली असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं दिसलं की पुरे. शिवाय आरोपीच्या अंगावरच्या जखमा कशा झाल्या हे सरकार पक्षाला सांगता आलं नाही, तर त्यांच्या कहाणीतच खोट निघते. आमच्याकडे मोडलेल्या हाताचा दाखला होता आणि फिर्यादीत त्या हाताचा शब्द नव्हता.

सरकारी वकिलांनी सगळा जोर दुसऱ्या घावावर दिला. खांद्यावर बसल्यावर कुऱ्हाड गळून पडली असेल, मग डोक्यात कशाला? प्रश्न रास्त होता. मी २०१० सालचा दर्शनसिंग निकाल वाचून दाखवला. पंजाबातलं प्रकरण, बापावर गंडासा घेऊन चालून आलेल्या माणसावर मुलानं गोळी झाडली होती. न्यायालयानं त्याला सोडताना सांगितलं, की जिवावर बेतलेल्या माणसानं आपला प्रतिकार पायरी-पायरीनं मोजून करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. आरोपीच्या जबाबात माझ्या पक्षकारानं एकच वाक्य सांगितलं, "मला वाटलं तो परत उठंल." न्यायाधीशांनी दोन्ही घाव एकाच धांदलीतले मानले आणि त्याला निर्दोष सोडलं.

वकिलाचं काम इथं संपतं. त्याचं संपलं नव्हतं. अपिलाची मुदत उलटून गेल्यावर तो ऑफिसात आला आणि म्हणाला, की दुसऱ्या वेळी मनात भीती होती का राग, ते आता त्याला सांगता येत नाही. "कोर्टानं सोडलं साहेब, पण पाप लागलं का?"

हा प्रश्न फार जुना आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनानं तो विचारलाय. समोरचे कौरव आततायी आहेत हे तो मान्य करतो, आणि तरीही म्हणतो की यांना मारलं तर पापच लागेल. अर्जुनाचं सगळं दुःख भाऊबंदकीचं आहे, हे आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धर्मशास्त्रानं मात्र आततायीबाबत फार कचरू नये असं म्हटलं होतं. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा, असे सहा आततायी वसिष्ठानं मोजले. आपल्या कायद्याची यादी शेजारी ठेवून पाहा. आग आहे, शस्त्र आहे, दरोडा आहे, स्त्रीवरचा अत्याचार आहे. शेत नाही. बांध कोरणाऱ्याला कायदा मारू देत नाही, त्याच्यासाठी मोजणी आणि दिवाणी दावा आहे. माझ्या मते हे कायद्यानं धर्मशास्त्राच्या पुढं टाकलेलं पाऊल आहे. शेत हिरावणाऱ्याला मारायची मुभा असती तर आमच्याकडे एकही शिवार रक्तावाचून राहिलं नसतं.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. आततायीला मारणाऱ्याला दोष नाही असं मनू सांगतो, तेव्हा कारण असं देतो की तिथं एकाचा क्रोध दुसऱ्याच्या क्रोधाला जाऊन भिडलेला असतो. म्हणजे त्यानं राग माफ केला. आपला कायदा राग माफ करत नाही, तो भीती माफ करतो. माझा पक्षकार नेमका या दोहोंच्या मध्ये अडकला होता. न्यायालयानं त्याची भीती पाहिली. रागाचा हिशेब त्याच्याकडेच राहिला, कारण तो बाहेरून कुणाला दिसतच नाही.

टिळकांनाही या प्रश्नानं सोडलं नाही. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवराज्याभिषेक उत्सवात अफझलखानाचा वध पाप की पुण्य, यावर ते बोलले. पिनल कोडच्या चौकटीतून याकडे पाहू नका, असा त्यांचा रोख होता आणि आधार गीतेचा होता. 'केसरी'तला तो वृत्तान्त राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्यावर उलटला, दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढं मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापल्या गेलेल्या 'गीतारहस्या'त ते पुन्हा आततायीकडे आले. टिळकांविषयी मला अपार आदर आहे. पण निष्काम बुद्धीनं केलेल्या कृत्याचा लेप लागत नाही हे तत्त्व ज्याची बुद्धी खरंच निष्काम आहे त्याच्यासाठी आहे. रात्री चिखलात, मोडका हात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते लावणं म्हणजे त्याला फार मोठा करणं होय.

मला जास्त जवळचं वाटतं ते 'मिताक्षरा' या धर्मशास्त्राच्या ग्रंथातलं. तिचा कर्ता विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातला, आपल्या शेजारचाच. तो म्हणतो, की गुरू किंवा ब्राह्मण अंगावर आला आणि त्याला आवरताना अनवधानानं तो मेला, तर राजदंड नाही, पण हलकं प्रायश्चित्त आहे. कुणासाठी प्रायश्चित्त आणि कुणासाठी काहीच नाही, ही त्यातली जातीची उतरंड मला मान्य नाही. ती काढून टाकली की उरतं ते मोलाचं आहे: शिक्षा नाही म्हणजे घडलंच नाही, असं नव्हे. जैन विचारानंही गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वतःला वाचवताना घडते ती विरोधी. गृहस्थाला ती टाळता येत नाही, पण तिला अहिंसा कुणी म्हटलं नाही. खंडपीठाच्या कामासाठी संभाजीनगरला जाताना वेरूळ लागतं, तिथली जैन लेणी पाहताना मला हे वर्गीकरण आठवतं आणि ते करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं.

न्यायालयानं मात्र प्रायश्चित्ताच्या वाटेला जाऊ नये. भीतीत राग किती मिसळला होता हे न्यायाधीश तोलू लागले, तर स्वतःचा जीव वाचवणारा एकही माणूस सुटणार नाही. राज्यानं बाहेरचं पाहावं आणि आतलं माणसाकडे सोडावं. पण सोडावं म्हणजे खरंच सोडावं. निकालाच्या दिवशी भाऊबंद पेढे घेऊन येतात आणि म्हणतात, तू काहीच केलं नाहीस. ते ऐकताना मला त्या माणसाचीच काळजी वाटते. ज्या 'हो'वर तो सुटला, तोच त्याच्याकडून काढून घेतला जातो.

मी त्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की कायद्यानं तुझ्याकडे काही बाकी नाही, आणि मनाला काही बाकी वाटत असेल तर ते खोटं नाही, काय करायचं ते तूच ठरव. कुणी त्याला त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी कर म्हणून सांगितलं होतं. तिथं जाईन म्हणाला, पण आधी एक अर्ज लिहून द्या. भूमी अभिलेख कार्यालयाला, त्याच्या आणि मेलेल्या चुलतभावाच्या, दोन्ही गटांच्या सरकारी मोजणीचा. मुलं मोठी होतायत, त्याची आणि माझी, म्हणाला. बांध एकदा दगड रोवून पक्का झाला पाहिजे. वहिनीच्या सहीसाठी तो स्वतः गेला नाही, पोलीस पाटलांना पाठवलं. सही आली. मोजणीची फी दोन्ही गटांची त्यानंच भरली.