हात की गाइड?

निपाणीच्या तंबाखू वखारीत उभी हयात गेलेली बाई. मिश्रीची सवय जुनी. वरच्या जबड्याचं हाड इतकं झिजलंय की दातासाठीचं साधं इम्प्लांट धरणारच नाही. स्क्रू थेट गालाच्या हाडात रोवायचा, ब्रोनमार्क यांनी आणलेली पद्धत. बेळगावात तिचा सीटी लावून सर आणि त्यांची विद्यार्थिनी बसले होते. हा संवाद काल्पनिक आहे, पेच मात्र खरा.

"सर, गाइड करू या. सीटीवर आखणी, थ्रीडी प्रिंट, ड्रिल गाइडच्या नळीतूनच जाईल."

"बसवणार कशावर? तोंडात एक दात नाही. हिरडी दाबली की गाइड सरकतं."

"हाडावर बसणारं करू."

"म्हणजे हिरडीचा फ्लॅप आणखी मोठा. आणि तिरकं बसलं तर ड्रिल बिनदिक्कत तिरकंच जाणार. माझ्या हाताला हाड लागलेलं कळतं."

"पण लांबी बघा. साधं इम्प्लांट १०-१२ मिलिमीटरचं, हे ३० ते ५२.५. सुरुवातीला ३ अंश चुकले तर ५० मिलिमीटरवर टोक अडीच मिलिमीटरहून जास्त सरकतं. वर डोळ्याची खोबण."

"माझं टोक खोबणीत कधी गेलं नाही."

"मान्य. पण ठरवलं होतं तिथंच गेलं, हे कशावरून? ठरवलेली जागा कुठं लिहिलेलीच नव्हती. स्क्रू जिथं जातो, तीच ठरवलेली जागा असं आपण मागाहून म्हणतो."

इथं माझं मत विद्यार्थिनीच्या बाजूनं पडतं. गाइडमुळे चूक टळतेच असं नाही, पण ती मोजता येते. मॉडेलवरच्या बहुतेक अभ्यासांत गाइडचं टोक आखणीच्या जास्त जवळ पडतं. खऱ्या तोंडात रक्त असतं, लाळ असते, जबडा पुरता उघडत नाही. सरांचं म्हणणं तिथं उरतंच.

"बरं, आखणी लिहू," सर म्हणाले. "पण मधेच गाइड हललं तर?"

"तर हातानंच पुरं करायचं. तो हात तुमच्याकडूनच शिकायचाय. फक्त पहिल्यांदा या मावशींच्या डोळ्याजवळ नको."

"आणि मोजायचं तर नंतर पुन्हा सीटी. तक्रार नसेल तर त्याचा तिला काय उपयोग? शिकणार आपण, किरणं घेणार ती."

"मग त्यांनाच विचारू."

"संमतीचा कागद इंग्रजीत आहे. तिनं मला एकच विचारलंय, भाकरी चावाय येईल काय म्हणून."

"कागद मी मराठीत वाचून दाखवते. सीटीचं वेगळं विचारते. नको म्हणाल्या तर नको."