अर्जुनाचा कंप

सज्जनहो, गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या देहाचे गाऱ्हाणे सांगतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगावर काटा आला, गांडीव हातातून निसटू लागले, डोके गरगरले. अंगाला बाण तर एकही लागला नव्हता! मग हे झाले कसे?

वैद्यकशास्त्र सांगते, भय दाटले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. काळीज धडधडते, श्वास भराभर चालतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना मुंग्या नि भोवळ. देहाची ही लढायची वा पळायची तयारी. पण पुढ्यात शत्रूच नसतो! माणसाला वाटते, मेलो आता. परंतु हा लोट बहुधा १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो.

छातीत कळ असेल तर आधी डॉक्टर गाठा. हृदयविकारही असाच दिसतो. तो नाही असे ठरले, तरी माणसाला ‘भित्रा’ म्हणू नका, बाधा समजून अंगारे लावू नका. जवळ बसा, श्वास सावकाश सोडायला सांगा.

अहो, भगवंतांनीही आधी अर्जुनाला टोचून पाहिले. तेवढ्याने तो उठला नाही. मग देवाने अठराव्या अध्यायापर्यंत त्याला समजावले, रथ सोडला नाही. आपणही तसेच शेजारी बसावे. रामकृष्ण हरी!