त्याग आणि वकीलपत्र

कायद्याची पदवी घ्यायची, बार कौन्सिलची सनद मिळवायची, दोन-तीन वर्षे सीनियरच्या हाताखाली काढायची आणि मग वकिली सोडून कंपनीच्या विधी विभागात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, अध्यापनात किंवा अगदीच निराळ्या व्यवसायात शिरायचे, हा क्रम आता मुंबई-पुण्यातच नव्हे, तर तालुक्याच्या न्यायालयांतही अपरिचित राहिलेला नाही. या घटनेकडे बहुधा कमाईच्या बाजूने पाहिले जाते आणि ते चुकीचेही नाही. परंतु तिच्या पोटात एक जुना धर्मविषयक प्रश्न दडलेला आहे. एकदा पत्करलेले कर्म सोडणे याला त्याग केव्हा म्हणावे आणि पळ काढणे केव्हा म्हणावे, आणि हा निवाडा सोडणाऱ्याच्या मनावरून करावा की मागे राहणाऱ्याच्या स्थितीवरून, असा तो प्रश्न आहे.

कमाईची बाजू थोडक्यात सांगता येते. नवा वकील सकाळी सीनियरच्या ऑफिसात फायली लावतो, दुपारी कोर्टात मुदतीचे अर्ज देतो, पुढची तारीख डायरीत उतरवून घेतो, आणि महिन्याच्या अखेरीस हाती जे पडते त्यातून अनेकदा जाण्यायेण्याचा खर्चही भागत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन मिळावे असे सुचवले, पण ती शिफारस आहे, बंधन नव्हे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. याचा परिणाम असा की, ज्याच्या घरी तीन वर्षे निभावून नेण्याची ऐपत आहे तो टिकतो, आणि ज्या घराला शिक्षणाचे कर्ज फेडायचे आहे तिथली मुलगी किंवा मुलगा गळतो; हा दोष गळणाऱ्याच्या निष्ठेचा मानणे उघड अन्यायाचे आहे.

धर्मविचारात या प्रश्नाचे पहिले उत्तर स्वधर्माच्या कल्पनेतून दिले जाते. स्वधर्म म्हणजे ज्याचे त्याला नेमून आलेले कर्म. ते उणे वाटले तरी दुसऱ्याच्या सुबक कर्मापेक्षा श्रेयस्कर, असे भगवद्गीता तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत सांगते. पण वकिली हे कर्म कोणाला जन्माने नेमून आलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. आणि ज्यांच्या पूर्वजांना ग्रंथ उघडण्याचीही मनाई होती त्यांच्यातला एक माणूस बॅरिस्टर होऊन मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला, ही गोष्टच जन्मजात स्वधर्माचा दावा मोडीत काढण्यास पुरेशी आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त चातुर्वर्ण्य नसलेल्या समाजालाही कर्मयोग लागू पडतो असे प्रतिपादन केले, ते स्वतः १८७९ मध्ये एलएल.बी. झाले होते आणि त्यांनी वकिलीला उपजीविका केले नाही. त्यामुळे स्वधर्माचा आधार घेऊन तरुण वकिलाला कोर्टात जखडून ठेवता येत नाही.

दुसरे उत्तर अधिक खोल जाते. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार केले आहेत: मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग, कष्टाच्या आणि शरीरक्लेशाच्या भयाने टाकणे हा राजस त्याग, आणि कर्म करीत राहून केवळ आसक्ती आणि फळ सोडणे हा सात्त्विक त्याग. या मापाने मोजले तर प्रॅक्टिस सोडणारे बहुतेक तरुण राजस ठरतील आणि चर्चा तिथेच संपेल. परंतु हे माप फक्त सोडणाऱ्याच्या अंतःकरणाला लावायचे आहे. युद्धभूमीवर एका धनुर्धराची समजूत घालताना ते पुरेसे असेल. वकिलीत मात्र प्रत्येक कर्माच्या दुसऱ्या टोकाला एक अशील, म्हणजे ज्याच्या वतीने वकील उभा राहतो तो पक्षकार, असतो आणि त्याचे काय झाले हे त्या मापात येत नाही.

डहाणू-तलासरीच्या इतिहासाने ही उणीव स्पष्ट दाखवली आहे. गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले, पुण्यातल्या वकिलाच्या घरात १९०७ मध्ये जन्मल्या. कायद्याची पदवी मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्या न्यायालयाकडे वळल्या नाहीत. भारत सेवक समाज आणि मग किसान सभा या मार्गाने पती शामराव यांच्यासह त्या तिथल्या वारली आदिवासींमध्ये आल्या, तेव्हा तिथे वेठ चालू होती, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर बिनमोबदला सक्तीचे काम. आणि लग्नगडी होते, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे सावकाराकडे बांधले गेलेले. आता येथे थांबून एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमाखाली गुन्हा होता. म्हणजे कायदा होता, शिक्षा होती, न्यायालये होती, वकीलही होते, आणि तरीही पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वारली वेठीला जात राहिले, कारण ते कलम पाड्यापर्यंत घेऊन जाणारे कोणी नव्हते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोजाचे १२ आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असे तिथे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीच्या दरासाठी संप झाला आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. कायदा शिकलेल्या एका बाईने कोर्टाची पायरी न चढता जे घडवले ते त्या कलमाच्या अंमलबजावणीहून वेगळे नव्हते. हा अनुभव त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गोदावरीबाईंचा त्याग थोर होता एवढे म्हणून थांबले तर तो आजच्या तरुणांवर उगारण्याची एक छडी होऊन बसेल, आणि तसे करणे बरोबर नाही. प्रत्येकाने पाड्यावर जाऊन राहावे ही अपेक्षा कोणी कोणाकडून करू नये. त्यांच्या उदाहरणातून घ्यायचे ते इतकेच की, व्यवसाय सुटला तरी विद्येचे देणे सुटत नाही. वैदिक परंपरेत ऋणांची कल्पना आहे: तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण जोडले आहे. ऋषिऋण म्हणजे पूर्वसूरींनी दिलेल्या ज्ञानाचे देणे. कायद्याच्या विद्यार्थ्याचे हे ऋण कोणाला? तो जे निवाडे अभ्यासतो त्यांतला प्रत्येक निवाडा कोणाच्या तरी गेलेल्या जमिनीतून, मोडलेल्या संसारातून किंवा तुरुंगात काढलेल्या दिवसांतून निर्माण झालेला असतो. कायद्याच्या विद्येचे ऋषी म्हणजे हे पक्षकार, हरलेलेसुद्धा. म्हणून इथे ऋषिऋण आणि मनुष्यऋण एकच होऊन जाते.

विशेष म्हणजे वकिलीच्या आचारनियमांत याचे बीज आहे. एकदा स्वीकारलेले काम पुरेशा कारणाशिवाय सोडू नये, सोडायचेच तर अशिलाला वाजवी मुदतीची सूचना द्यावी, आणि जेवढी फी कामाने कमावलेली नाही तेवढी परत करावी, असा विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. वकीलपत्र, म्हणजे अशिलाने वकिलाला दिलेले अधिकारपत्र, मागे घेताना मन शुद्ध आहे काय असे हा नियम विचारत नाही. मागे राहणारा माणूस उघड्यावर पडला काय, एवढेच विचारतो. हाच नियम एका खटल्याऐवजी सबंध व्यवसायाला लावला, तर कष्टाला कंटाळून निघालेल्या तरुणालाही सन्मानाने जाता येते, फक्त न कमावलेला भाग परत करण्याची जबाबदारी उरते.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये कर्म बदलण्याचा आणखी एक दाखला आहे. तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक काढणे आणि त्यात पालघट देवीची स्थापना करणे हे वारल्यांमध्ये सवाशिणींचे विधिकर्म. पुरुषाचे ते काम नव्हे. गंजाडच्या कलंबीपाड्यावर राहणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांनी बांबूची काडी हातात घेतली, लग्न नसतानाही रोज चित्रे काढली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परधर्म भयावह असतो हे वचन त्यांच्या बाबतीत खरे ठरले नाही, आणि सवाशिणींचा चौकही त्यामुळे बुडाला नाही.

त्याच गंजाडच्या आसपास न कमावलेली फी परत करण्याची जागा आजही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या ताब्याचा दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे मांडायचा असतो; पुरावा म्हणून जुनी विहीर, बांध, दफनाची जागा, देवस्थान, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. या कामाला सनद लागत नाही की वकीलपत्र. ठराव वाचून त्यातली उणीव ओळखणारा आणि मुदतीच्या आत अर्ज लिहून देणारा माणूस लागतो, आणि कंपनीत नोकरीला लागलेल्या माजी वकिलालाही वर्षातले काही रविवार यासाठी काढता येतात.