रुग्णाच्या हातातील कागद : एक अमानत

वाचकहो, पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय? सूरह बकराची ती 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे व लिहिण्यास नकार देऊ नये. ज्याच्याकडे देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. तो दुर्बल असेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे. बाब लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. त्याचे कारणही तेथेच आले आहे. लिहिल्याने साक्ष बळकट होते आणि संशयाला जागा उरत नाही.

रुपयांच्या व्यवहारात दुर्बलाच्या रक्षणाची एवढी काळजी, तर जिवाच्या व्यवहारात किती असावी? डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडणारा मनुष्य आजाराने व भीतीने दुर्बल झालेला असतो. ऐकलेल्या वैद्यकीय माहितीपैकी 40 ते 80 टक्के रुग्ण लगेच विसरतो, असे अभ्यासक सांगतात. मग त्याच्यापाशी उरतो तो हातातील कागद. त्यावर अनेकदा ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ अशी लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असतात. दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना, एवढाच त्यांचा अर्थ. पण तो औषधविक्रेत्याला कळतो, रुग्णाला नाही.

येथे खरा प्रश्न असा की, हा कागद कोणाचा? तो केवळ डॉक्टरांची नोंद असेल, तर त्यांना समजला की पुरे. परंतु तो रुग्णाचा हक्क असेल, तर त्याला न समजणारा कागद देणे म्हणजे अमानत अर्ध्या वाटेवर सोडणे होय. अमानत ज्याची त्याला पोहोचवा, ही आज्ञा सूरह निसामध्ये आहे (4:58). प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला, जेणेकरून त्यांना तो स्पष्ट व्हावा, असे सूरह इब्राहीम सांगते (14:4). ईश्वरी संदेशाबाबत जर हा नियम, तर औषधाच्या संदेशाला तो लागू का नसावा?

ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. बाराव्या शतकातील अश्-शैजरी यांनी बाजार-निरीक्षकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात वैद्यांचे नियम दिले आहेत. वैद्याने रुग्णाची लक्षणे व दिलेले औषध लिहून त्याची प्रत घरच्यांना द्यावी. रुग्ण दगावल्यास ते कागद प्रमुख वैद्यापुढे तपासले जावेत. आपल्या देशातही वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यास नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात, आणि 2016 च्या दुरुस्तीने औषधाचे नाव सुवाच्य लिहिण्यास सांगितले. मात्र नियम अक्षरे वाचनीय करू शकतो. ती समजतील अशी लिहिणे हे अंतःकरणाचे काम आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला वेळेचा. सरकारी रुग्णालयातील गर्दी खोटी नाही. पण आजार कोणता, काय अजून निश्चित नाही, कोणते औषध केव्हा व किती दिवस, कोणते लक्षण दिसताच धावत यावे, या चार-पाच ओळी मराठीत वा उर्दूत लिहिल्यास उद्याचा मोठा घोटाळा टळतो. रमजानमध्ये हे विशेष जाणवते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. तरी कागदावर स्पष्ट सल्ला नसल्याने मधुमेहाचे कित्येक रुग्ण इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या अंदाजाने बदलतात. हा धोका इबादतीचा नव्हे, अस्पष्टतेचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, लिहिलेले सत्य रुग्णाला खचवील. फिरऔनशीही सौम्यपणे बोलण्याची आज्ञा मूसा व हारून (अलैहिस्सलाम) यांना झाली होती. पण सौम्य बोला म्हणजे संदेश लपवा, असे त्यांना सांगितले नव्हते. शब्द मृदू करता येतात. आशय गाळला तर रुग्णाला वसीयत, कर्जफेड आणि तौबा यांसाठी मिळालेला अवधीच हिरावला जातो.

वाचकहो, आपलेही कर्तव्य आहे. खोलीतून निघण्यापूर्वी आपल्याला काय समजले ते डॉक्टरांना आपल्या शब्दांत सांगा; चुकले असेल तर तेथेच दुरुस्त होईल. वाचता येत असेल तर शेजारच्या वृद्धेची चिठ्ठी वाचून द्या, परंतु तिचा आजार मोहल्ल्यात सांगू नका. तेही अमानतच आहे. स्त्रीचा कागद तिच्याआधी घरातील पुरुषांनी वाचून ठरवावे, हा रिवाज आहे, न्याय नव्हे.

अल्लाह लिहिणाऱ्यांच्या लेखणीत न्याय आणि वाचणाऱ्यांच्या मनात जबाबदारीची जाणीव देवो. आमीन.